डोंबिवलीहून लंडनला बायको-मुलांसह शिफ्ट होतोय, आधी घर बघू की मुलांची शाळा?

आधी घर. तिथल्या सरकारी शाळा फुकट असतात, डिपेंडंट व्हिसावरच्या मुलांनाही चालतात, पण वर्षाच्या मधे ॲडमिशन हवी तर अर्ज त्या भागाच्या कौन्सिलकडे (म्हणजे तिथली पालिका) नाहीतर थेट शाळेकडे करावा लागतो आणि अर्ज जास्त आले की बऱ्याच शाळा घरापासूनचं अंतर मोजतात, त्यामुळे भाडेकरार हातात नसेल तर गाडी पुढे सरकत नाही. आमच्या दोन्ही मुलांच्या वेळेला हेच केलं. डोनेशन, आईबापांचा इंटरव्ह्यू वगैरे आपल्याकडची भानगड नाही. इयत्ता वयावर ठरते, ३१ ऑगस्टला पूर्ण झालेलं वय धरतात, इथे कितवीत होता त्याला फारसा अर्थ नाही. घरासाठी डिपॉझिट साधारण ५ आठवड्यांच्या भाड्यापर्यंतच घेता येतं, कायदाच आहे, जास्त मागितलं तर सरळ नाही म्हणा. फक्त एक, जवळच्याच शाळेत सीट मिळेल याची गॅरंटी नाही, दोन मुलं दोन शाळांत जाऊ शकतात, म्हणून करारावर सही करायच्या आधी कौन्सिलला फोन करून कुठल्या वर्गात जागा आहे ते विचारा. चार वर्षांखालचं मूल असेल तर नर्सरीचं गणित वेगळं, ती भयंकर महाग पडते.