पिकअप बदलण्याआधी

आपण इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा चुंबकीय भाग, बदलण्याचे ठरवले आहे. तथापि खर्च करण्यापूर्वी तारा नव्या बसवून आणि जुन्या पिकअपची उंची स्क्रूने खाली-वर करून पाहावी, कारण पुष्कळदा बोथट वाटणारा आवाज तेवढ्यानेच मोकळा होतो. तरीही बदल हवाच असेल, तर आधी आपली तक्रार नेमकी कोणती ते ठरवावे. सिंगल कॉइल (तारेचे एकच वेटोळे असलेले) पिकअप ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण पकडते, आणि लातूर-परभणीकडे वीज गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टरवर अँप चालवला की ती गुणगुण कर्कश होते. तिथे दोन उलट कॉइलींचा, गुणगुण दाबणारा हंबकर पिकअप उपयोगी पडतो, आणि खाचा सिंगल कॉइलच्याच असतील तर त्या मापाचा हंबकरही मिळतो. पिकअपच्या चुंबकानेही आवाज बदलतो: अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्टचा मिश्रधातू) २ चुंबकाचा आवाज मऊ, अल्निको ५ चा अधिक ठसठशीत, तर सिरॅमिकचा बहुधा तिखट असतो. केवळ कॉइलच्या रोधाचा किलोओहममधला आकडा पाहून निवड करू नये. कॉइलच्या तारेची जाडी बदलली की तो आकडा फसवतो. हंबकरला साधारणतः ५०० किलोओहमचे पॉट (आवाज व टोनच्या बटणांखालचे बदलते रोधक) लागतात, सिंगल कॉइलला २५०. ब्रिजकडील (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथले) तारांमधील अंतर मात्र मोजूनच मागणी नोंदवावी.