दोन डिस्क लावल्या की बॅकअप झाला का?

तुम्ही विचारलंय: सांगलीत घर आहे, जुना पीसी पडून आहे, त्याचा घरचा सर्व्हर करून दोन डिस्क घातल्या आणि रेड १ केलं, म्हणजे दोन्हीवर तेच ते साठवलं, तर घरच्या फोटोंसाठी वेगळा बॅकअप लागेल का?

लागेल. मी सांगलीतल्याच गावभागातला, त्यामुळे कारण सांगायला लांब जायला नको.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. आम्ही कागदपत्रं, कपडे, देवघरातले देव माडीवर नेले. फोटोंची डिस्क आणि तिची कॉपी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्येच राहिल्या. पाणी उतरल्यावर ड्रॉवर फुगून उघडेना. पटाशीनं काढला, तर दोघी शेजारी शेजारी गाळात. आईच्या साठीचे फोटो आता नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवरून गोळा केलेत, तेही बारीक झालेले. रेडचं तसंच आहे. एक डिस्क मेली तरी सर्व्हर चालू राहतो, एवढाच त्याचा उपयोग. चुकून फोल्डर उडवलं तर दोन्हीकडून एकदमच उडतं.

पीसीची फार चिंता नको. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह आणि ८ जीबी रॅम भरपूर झाली. मी त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट टाकलंय, म्हणजे पीसीचा फाइल सर्व्हर करणारी सिस्टिम. डिस्क सीएमआर बघून घ्या, म्हणजे डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवणारी. पट्टे चढवून लिहिणारी एसएमआर स्वस्त पडते, पण मेलेल्या डिस्कच्या जागी नवी लावून रेड पुन्हा भरायची वेळ आली की रडवते. ३० वॉट धरले तर महिन्याला २१-२२ युनिटं जळतात. यूपीएस यूएसबी केबलवाला घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो.

माझे चार दिवस गेले ते सर्व्हरवर फोटो कॉपी होण्याच्या वेगापायी. सेकंदाला ११ एमबीच्या वर काही जाईना. आधी डिस्कला शिव्या दिल्या, मग सांबाला, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या प्रोग्रॅमला. शेवटी नेटवर्क केबलचा प्लग उजेडात धरला, तर आठपैकी चारच तारा क्रिंप केलेल्या! चार तारांवर १०० एमबीपीएसच मिळतात (हे मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट). आठही बसवल्या आणि ११० एमबी मिळायला लागले. ६०० जीबीला पंधरा तासांऐवजी दीड तास.

दुसरी कॉपी साताऱ्याला बहिणीकडे आहे. पहिल्यांदा डिस्क भरून एसटीनंच नेली. आता रोज रात्री आरसिंक हा कॉपी करणारा प्रोग्रॅम फक्त नवीन आणि बदललेलं पाठवतो, टेलस्केलवरून, म्हणजे दोन्ही घरांना जोडणाऱ्या खासगी नेटवर्कवरून, कारण माझ्या फायबर कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता, नाही. आरसिंकला डिलीटचा पर्याय देऊ नका, नाहीतर इथं उडवलेलं रात्री साताऱ्यातूनही उडेल. अधूनमधून तिकडचे पाच-दहा फोटो उघडून बघत जा.

आणि सर्व्हर जिन्याखाली ठेवू नका. मी तिथंच ठेवणार होतो, सोयीचं वाटलं. बायकोनं काही न बोलता भिंतीवरच्या २०१९ च्या पाण्याच्या रेघेवर बोट ठेवलं. ती माझ्या डोक्याच्याही वर होती.