वाचकांचे प्रश्न : मुले, मार्गदर्शक आणि एका दिवसाची सहल

प्रश्न : माझ्या मुली 7 आणि 11 वर्षांच्या आहेत. मार्गदर्शकासह निघणाऱ्या एका सहलीत दिवसभरात चार ऐतिहासिक स्थळे दाखविली जाणार आहेत. गेल्या वर्षी अशाच सहलीत धाकटी दुपारनंतर रडकुंडीला आली आणि थोरलीने शेवटच्या ठिकाणी बसमधून उतरण्यास चक्क नकार दिला. मुलींना इतिहासाची गोडीच नसेल, तर हा खटाटोप करावा का?

उत्तर : खटाटोप अवश्य करावा, मात्र चार स्थळांची सहल घेऊ नये. आपल्या मुलींना गोडी नाही, असा निष्कर्ष मी तरी काढणार नाही. दिवसातून चार वेळा उतरणे, उन्हात उभे राहणे आणि राजांच्या वंशावळी ऐकणे हे मोठ्यांनाही जड जाते, फक्त ते शिष्टाचारापोटी माना डोलवीत राहतात. एकच स्थळ निवडावे, फार तर जवळचे दुसरे, आणि तेही मुली थकल्या तर सोडून देण्याची मनाची तयारी ठेवून.

खरा फरक पडतो तो मार्गदर्शकाशी आधी बोलण्याने. मुलींची वये त्यांना आधीच कळवावीत आणि सनावळीपेक्षा तेथे माणसे राहत कशी होती, हे दाखविण्याची विनंती करावी. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडले गेलेले पाँपेई घ्या. उद्रेकाची तारीख मूल विसरेल. परंतु रस्ता ओलांडण्यासाठी मध्येच बसविलेले उंच दगड आणि त्यांच्यामधून गेलेल्या गाड्यांच्या चाकांनी फरशीत पाडलेल्या चाकोऱ्या दाखवून ‘हे दगड इतके उंच का असावेत?’ असे विचारले, की रस्त्यावरून सांडपाणी वाहत असणार, हे उत्तर त्याला स्वतःलाच सापडते. रोमच्या कलोसियममध्ये प्रेक्षकांसाठीच्या 76 प्रवेशकमानींवर क्रमांक कोरलेले होते आणि त्यांतील काही रोमन अंक आजही वाचता येतात. ते शोधण्याचे काम थोरलीवर सोपवावे. हजारोंच्या गर्दीला आपापल्या जागी पोहोचविण्याची ही युक्ती होती, हे तिला नंतर सांगितले तरी चालेल, किंबहुना नंतरच सांगावे.

भिंतींना हात लावू नये, हे नुसते बजावण्यापेक्षा कारणासह सांगावे. फ्रान्समधील लास्को येथील प्रागैतिहासिक गुहाचित्रे 1940 मध्ये चार किशोरवयीन मुलांनी शोधली. पुढे पर्यटकांची रीघ लागली आणि त्यांच्या नुसत्या श्वासोच्छ्वासाने व त्यांच्यासाठी केलेल्या प्रकाशयोजनेने चित्रांची हानी होऊ लागल्यामुळे 1963 मध्ये ती गुहा लोकांसाठी बंद करावी लागली. मुलांनीच शोधलेली गुहा आता पर्यटकांना पाहता येत नाही, ही गोष्ट मुलांच्या मनाला लागते. पाणी, टोपी, बसण्याच्या जागा आणि स्वच्छतागृह यांची चौकशी आपण कराल, हे मी गृहीतच धरतो.

प्रश्न : आमच्या मार्गदर्शकांनी पिरॅमिड गुलामांकडून चाबकाच्या धाकाने बांधून घेतले, असे रंगवून सांगितले. मुलाने तर वेगळेच वाचले होते. अशा वेळी पालकांनी मध्ये बोलावे का?

उत्तर : सर्वांसमोर खोडून काढू नये, मार्गदर्शकाचा अपमान होतो आणि मुलाला मोठ्यांचे भांडण तेवढे लक्षात राहते. त्याऐवजी ‘हे आपल्याला कशावरून कळले?’ हा प्रश्न मुलालाच नम्रपणे विचारू द्यावा. चांगल्या मार्गदर्शकाला तो आवडतो. आपल्या मुलाचे वाचन योग्य दिशेने आहे. गीझा येथे 1990 मध्ये एका घोड्याचा पाय जुन्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि त्यातून पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांच्या कबरी उजेडात आल्या. राजाच्या पिरॅमिडच्या सान्निध्यात, परलोकासाठी भाकरी आणि बिअरचे घट सोबत देऊन पुरलेली ही माणसे गुलाम नसावीत, असे अभ्यासक मानतात. काहींच्या मोडलेल्या हाडांवर उपचार झाल्याच्या खुणाही आढळल्या. अर्थात काम कष्टाचेच होते, हे झिजलेल्या मणक्यांवरून दिसते. दंतकथाही ऐकू द्याव्यात, फक्त परतीच्या प्रवासात ‘आज ऐकलेल्यांपैकी दंतकथा कोणती आणि पुरावा कशाला होता?’ अशी निवड मुलाला करू द्यावी. माझ्या मते सहलीतील सर्वांत मोलाचा अर्धा तास तोच असतो.

प्रश्न : नरसंहाराच्या स्मारकाला 9 वर्षांच्या मुलाला न्यावे का?

उत्तर : नेऊ नये. पोलंडमधील आउशवित्झ येथील स्मारक-संग्रहालय स्वतःच 14 वर्षांखालील मुलांना आणू नये, अशी शिफारस करते. अन्य ठिकाणी असा नियम नसेल, तर पालकांपैकी एकाने आधी ते स्थळ पाहून यावे. सहलीच्या कार्यक्रमात असे ठिकाण आधीच धरलेले असेल, तर मुलासोबत बाहेर कोण थांबणार, हे निघण्यापूर्वीच ठरवावे आणि मुलाने का, असे विचारल्यास ‘तेथे फार माणसे मारली गेली, तू मोठा झालास की आपण जाऊ’ इतके खरे उत्तर द्यावे.