एका आकड्यामागे एकच नाव

प्रश्न : सुरुवातीला आम्ही चौघे होतो, आता सोळा जण आहोत. यंदा विक्री ३० टक्क्यांनी वाढवायची, असं वर्षारंभी सगळ्यांसमोर ठरवलं. सहा महिन्यांत वाढ झाली ८ टक्के. विचारायला गेलं की विक्रीवाले उत्पादनाकडे बोट दाखवतात, उत्पादनवाले खरेदीकडे. शेवटी निस्तरायला मीच. पाणी कुठे मुरतंय?

उत्तर : चौघांत दोघादोघांच्या ६ जोड्या होतात, सोळा जणांत १२०. पूर्वी एकमेकांचं काम डोळ्यांसमोर असायचं, म्हणून कोणी काय करायचं हे लिहून ठेवावं लागत नव्हतं. आता लागेल.

शिवाय ‘३० टक्के वाढ’ हा निकाल आहे. सोमवारी सकाळी कामावर आलेल्या माणसाने त्यासाठी नेमकं काय करायचं, हे त्यातून कळत नाही. निकालापासून उलट मोजत या. समजा, आठवड्याला १२ ऑर्डर हव्यात आणि तुमच्या जुन्या नोंदींनुसार चार कोटेशनांमागे एक ऑर्डर मिळते. म्हणजे आठवड्याला ४८ कोटेशन गेली पाहिजेत. ४८ हा आकडा माणसाच्या हातातला आहे. ३० च गेली, तर चौकश्या कमी येतात की कोटेशन बनवायला उशीर होतो, ते शोधा. ४८ जाऊनही ऑर्डर ७ च आल्या, तर मेहनत वाढवून फायदा नाही. दर, मुदत किंवा पाठपुरावा तपासा.

असे आठ-दहा आकडे पुरेत. एका तक्त्यात १३ आठवड्यांचे १३ रकाने आखा आणि प्रत्येक ओळीपुढे एकच नाव लिहा. मदतीला कितीही माणसं असू देत, पण उत्तर देणारा एकच. दोन नावं लिहिलीत की पुन्हा बोटं दाखवणं सुरू. मात्र नावासोबत अधिकारही द्यावा लागतो. माल वेळेवर आणायची जबाबदारी खरेदीवाल्याची आणि प्रत्येक छोट्या खर्चाला तुमची सही, असं असेल तर उशिराचा धनी तो नाही, तुम्ही आहात. किती रकमेपर्यंत त्याने न विचारता खर्च करायचा, ते लेखी ठरवा.

बैठक आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ४५ मिनिटं. आकडे ज्याचे त्यानेच आदल्या संध्याकाळी भरायचे. बैठकीत गोळा करायला बसलात तर अर्धा वेळ तिथेच जातो. आधी मागच्या आठवड्यात कबूल केलेली कामं झाली का ते पाहायचं, मग फक्त चुकलेल्या आकड्यांवर बोलायचं. उठण्यापूर्वी प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख. आणि कळकळीने सांगतो, अडलेलं काम तिथेच ‘राहू दे, मी बघतो’ म्हणून उचलू नका. वाढत्या धंद्यात सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होतं, कारण त्यानंतर सगळेच तुमची वाट पाहत बसतात.

प्रश्न : आमच्याकडे आकडे गाठले जातात, पण ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या आणि उधारीही थकली.

उत्तर : एकट्या आकड्यावर दाब आला की माणसं तेवढाच सांभाळतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल हाच धोका मांडला होता. उपाय जोडीचा : वेळेत पाठवलेल्या मालाशेजारी परत आलेला माल, विक्रीशेजारी ४५ दिवसांत झालेली वसुली. उधारीची मुदत तीच ठेवून विक्री दीडपट केली, तर बाजारात अडकलेला पैसाही दीडपट होतो. तो कुठून उभा करणार, हे ऑर्डर घेण्याआधी ठरवा.

प्रश्न : एकाचा आकडा सलग तीन आठवडे चुकला. काढून टाकावं का?

उत्तर : आधी एकट्याला बसवून चार गोष्टी पाहा : काम नेमकं समजलंय का, येतं का, त्यासाठी वेळ नि साधनं आहेत का, करायची इच्छा आहे का. पहिल्या तिन्हींपैकी काही कमी असेल तर ते पुरवणं तुमचं काम. चारचौघांत जाब विचारू नका. पुढच्या आठवड्यापासून तो खोटे आकडे भरेल आणि तक्ता निकामी होईल. सगळं पुरवून, लेखी सांगून आणखी चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर जबाबदारी दुसऱ्याकडे द्या. त्याला जमेल असं दुसरं काम आहे का, हे त्यानंतर बघा.