यंदा पाच किलोमीटर धावायचंय

प्रश्न : दर जानेवारीत 'रोज धावायचं' असं ठरवते. पंधरा दिवसांत पोटऱ्या धरतात आणि सगळं राहून जातं. यंदा न थांबता पाच किलोमीटर धावायचंय. मांद्रेचा किनारा जवळ आहे. सुरुवात कशी करू?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : आधी 'रोज' काढून टाका. आठवड्यातून तीनच दिवस, एकाआड एक धावा. दमसास लवकर वाढतो, पण पोटऱ्या आणि नडगीच्या हाडाला भाराची सवय व्हायला जास्त वेळ लागतो. तुमचं घोडं नेमकं तिथेच अडतं.

पहिले दोन आठवडे पाच मिनिटं चालून मग एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला. हे एक-दोन मिनिटांचं धावणं-चालणं आठ वेळा. पुढे दर आठवड्याला धावण्याचा टप्पा एकेक मिनिटाने वाढवा. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाहीतर वेग जास्त आहे. नडगीवर एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल तर थांबा, डॉक्टरांना दाखवा.

किनाऱ्यावर ओहोटीलाच, ओल्या घट्ट वाळूत धावा. कोरड्या वाळूत टाच रुतते, पोटरी ओढली जाते. वाळू समुद्राकडे उतरती असते. एकाच दिशेने धावलात तर एकाच पायावर ताण येतो, म्हणून जितकं जाल तितकंच परत या. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. सकाळी भरती असेल तेव्हा गावातला सपाट रस्ता बरा.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट धावू नका. मार्चअखेर उकाडा वाढतो, तेव्हा सुरुवात जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात करा.