भंगारातले पार्ट घेऊन ठेवावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकच ट्रक, त्यावर कर्जाचा हप्ता चालू. दुरुस्तीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतले निम्मे घालून भंगारातून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर), ब्रेक बूस्टर, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) असे जुने पार्ट घेऊन ठेवावेत का, म्हणजे रस्त्यात अडल्यावर जागच्या जागी काम भागेल.

निम्मे नकोत. अल्टरनेटर अडचणीपुरता घ्या, बाकीची यादी बहुतेक खोडा.

नवा पार्ट 100 ला, जुना 40 ला आणि बसवायची मजुरी दोन्हीकडे 25 धरू. नवा तीन वर्षं चालला तर वर्षाला साधारण 42 पडतात, जुना एकच वर्ष टिकला तर 65. पार्ट जुना म्हणून मिस्त्री मजुरी कमी घेत नाही, आणि भाव करताना नेमकं हेच विसरायला होतं. शिवाय दुसऱ्यांदा अडलात तर टोचन आणि बुडालेलं भाडं वेगळं. गाडी वर्षभरात विकायचीच असेल तर मात्र हिशेब उलटतो. तेव्हा 125 कशाला घालायचे?

ब्रेकच्या कामात जुनं काहीच नको. स्प्रिंग ब्रेकच्या बूस्टरचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, बाहेरून दिसत नाही, आणि उघडून पाहावं तर आत दाबून बसवलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. टायरॉड एंड (स्टिअरिंगचा सांधा), होज, सील, बेअरिंग हेही नवेच. पाटा जुना चालतो, भेग नसेल तर. पाटा ॲक्सलला धरणारे यू-बोल्ट मात्र नवे घाला. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तसा धरत नाही, आणि बसवल्यावर पहिल्या 50 ते 100 किलोमीटरमध्ये नट पुन्हा आवळावे लागतात. पण पाटे गाडीत वागवू नका, तेवढा भाड्याचा माल कमी भरावा लागतो.

अल्टरनेटर घेताना पुलीच्या खाचा आणि ब्रॅकेटची भोकं जुळतात का बघा. पुली हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग गेलंय. ‘चार्जिंग नाही आलं तर परत’ हे पैसे देण्याआधी ठरवा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढून तो घरीच आपल्या ट्रकमध्ये बसवा, वायर परत जोडा, इंजिन चालू करून हेडलाइट लावा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर धरा. 24 व्होल्टच्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या मिळून 27.5 ते 28.5 दिसायला हवं. 26 च्या खाली राहिलं तर चार्जिंग नाही. 30 च्या वर गेलं तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय, तो बॅटरी उकळवेल आणि बल्ब उडवेल.

अल्टरनेटर फिरवणारा पट्टा, डिझेल फिल्टर, फ्यूज स्वस्त आहेत, नवेच ठेवा. सर्व्हिसला काढलेला, भेगा नसलेला जुना पट्टा फुकटचा जोड म्हणून पेटीत टाका. उरलेल्या पैशांतून दोन हप्त्यांची रक्कम वेगळी काढा आणि तिला दुरुस्तीसाठीही हात लावू नका.

रस्त्यात जुना पार्ट घालावाच लागला, तर वहीत तारीख आणि किलोमीटर लिहा आणि वाचलेले 60 त्याच आठवड्यात दुरुस्तीच्या खात्यात टाका. नव्या पार्टचे पैसे तिथूनच निघायचे आहेत.