वाळवंट, वालुकागिरी आणि चालणारं टेकाड

प्रश्न असा आहे: "समुद्रकिनारी वाळूच्या उंच टेकड्या असलेल्या जागी फिरून आलो. प्रवासवर्णनात 'किनाऱ्यावरच्या वाळवंटात वाळूचे ढिगारे चढलो' असं लिहिलं. मित्र म्हणतो, ढिगारे नव्हे, वालुकागिरी म्हण. बरोबर कोण? आणि रेती व वाळू यांत फरक काय?"

ढिगाऱ्यांकडे येतो, पण आधी ते वाळवंट. हल्ली चार पावलं वाळू दिसली की लोक वाळवंट म्हणतात आणि वाळवंट म्हटलं की उंट शोधू लागतात. ऐकून ऐकून कान किटले. वाळवंट म्हणजे मुळात नदीकाठचा वाळूचा पट्टा. चंद्रभागेचं वाळवंट आपण त्याच अर्थानं म्हणतो. तुकोबांनी वाळवंटी खेळ मांडला तो काही मारवाडात नव्हे. निर्जल मुलखाला मरुभूमी, मरुस्थळ हे शब्द होते. ते मागे पडले, त्यांचं काम वाळवंटाच्या गळ्यात आलं, आणि आता तोच अर्थ घरमालक होऊन बसला आहे. तेव्हा तुमच्या वाक्यात जुना अर्थ काढता येतो हे खरं, पण आजचा वाचक तो काढणार नाही. शेजारी समुद्र गाजत असताना त्याच्या घशाला कोरड पडेल.

तिथे पुळण म्हणा. इतका गोड शब्द हाताशी असताना लोक 'बीच'वर का जातात, देव जाणे. पुळण आली संस्कृत 'पुलिना'वरून, आणि पुलिनाचा अर्थ अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशानं अर्ध्या ओळीत सांगून टाकला आहे: 'तोयोत्थितं तत्पुलिनम्'. पाण्यातून वर आलेलं ते पुलिन. वाळूचं असेल तर त्याला सैकत, हेही त्याच ओळीत. म्हणजे पुळण ही पाण्याची करणी: भरतीला बुडणारी, ओहोटीला उघडी पडणारी.

तुम्ही चढलात ती मात्र वाऱ्याची करणी. ओले कण एकमेकांना धरून बसतात, वाऱ्याला दाद देत नाहीत. वरचा थर सुकला की कण टुणटुण उड्या मारत आत सरकतात आणि पहिल्या अडथळ्यापाशी साचतात. (वाळते म्हणून वाळू, अशी व्युत्पत्ती छातीठोकपणे सांगणारे भेटतात. वाळू सरळ 'वालुके'वरून आली आहे. ऐकायला छान म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही.)

आता तुमचे मित्र. वालुकागिरी हा पाठ्यपुस्तकी शब्द आहे, भूगोलाच्या पेपरात त्याला गुण मिळतात. पण ज्यानं तो घडवला त्यानं संस्कृतात डोंगराला काय काय म्हणतात ते एकदा उघडून पाहायला हवं होतं. 'अचल', म्हणजे न हलणारा. 'नग', म्हणजे 'न' अधिक 'ग', जो जात नाही तो. 'अग', पुन्हा तेच. आपल्या पूर्वजांना डोंगराकडे पाहून पहिली गोष्ट सुचली ती ही, की हा बेटा जागचा हलत नाही. आणि वाळूची टेकडी काय करते? चालते! वाऱ्याकडच्या उतरत्या अंगावरून कण वर चढतात, माथ्यावरून पलीकडच्या उभ्या अंगाला घसरतात, आणि अख्खी टेकडी तेवढी पुढे सरकते. डेन्मार्कच्या उत्तर टोकाला रॉबियर्ग मिले नावाचा असा वाळूचा पसारा आहे, तो वर्षाला १८ मीटरपर्यंत सरकतो. तिथून जवळच स्कागेनचं चर्च. प्रार्थनेला जायचं तर आधी दार उकरून काढायचं, असं चाललं होतं. शेवटी १७९५ मध्ये ते बंद केलं. आज वाळूच्या वर दिसतो तो त्याचा मनोरा. हा असला गिरी? याला 'गिरी' म्हणणं म्हणजे वाहत्या नदीला तळं म्हणणं. परिभाषा घडवणाऱ्यांना शब्द भारदस्त हवा होता. तो मिळाला, अर्थ गेला वाऱ्यावर.

हिंदीवाले 'बालुकास्तूप' म्हणतात, ते त्यातल्या त्यात बरं, कारण स्तूप म्हणजे मुळात ढीग. फ्रान्सच्या किनाऱ्यावर वाळूची शंभर मीटरांहून उंच टेकडी आहे, तिचं 'पिला' हे नावही तिथल्या गॅस्कन बोलीतल्या ढिगावरूनच आलं. तेव्हा मित्रापेक्षा तुम्ही खऱ्याच्या जवळ होतात. अडचण एवढीच की मराठीत ढिगारा म्हटलं की पडलेली भिंत आठवते. ढिगारा उपसतात, चढत नाहीत. मी तिथे 'वाळूचं टेकाड' लिहीन.

आणि वर्णनात मर्यादवेल आली आहे का? उष्ण प्रदेशातला किनारा असेल तर टेकाडाच्या समुद्राकडच्या पायथ्याशी ती असणारच: आपट्यासारखं दोन पाळ्यांचं जाड पान, जांभळट फुलं, वाळूवर लांबच लांब सरपटणारी दोरी. एखादी दोरी अलगद उचलून पाहा, पेरापेरातून मुळं सुटलेली दिसतील. तीच वाळूला बांधून ठेवते. थंड किनाऱ्यांवर हे काम मॅरम नावाचं गवत करतं. समुद्रानं कुठवर यायचं ती मर्यादा दाखवणारी वेल! परिभाषा समितीला हे नाव दहा बैठकांत सुचलं नसतं. ती तुडवून वर चढलात तर उघड्या पडलेल्या जागी वारा खड्डा पाडतो आणि टेकाड चालू लागतं, म्हणून आखलेल्या वाटेनंच चढावं.

रेती-वाळूचं राहिलं. जाड ती रेती आणि बारीक ती वाळू असं काही जण सांगतात, काही जण नेमकं उलट.